काशिनाथच्या गिरणीचा फ्यूज

गिरणीच्या दारात त्या दिवशी पहिला आवाज चढवला तो माझ्या आईने, आनंदीबाईने. लोक आता म्हणतात, मथुरेचं नशीब. नशीब कसलं डोंबलाचं! मी तिथे होतो. मी सत्यवान. माझ्या हातांनी काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि आता या वयात मला खोटं बोलायचं नाही.

आमची वाडी मिठबावच्या अलीकडे. आमच्याकडे चावदिसाला, म्हणजे दिवाळीच्या पहिल्या पहाटे, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारेटाचं कडू फळ फोडायचं आणि मग घराघरांत पोहे खायचे. गुळाचे, दुधाचे, ताकाचे, पाच पाच तऱ्हांचे पोहे, आणि तेसुद्धा नव्या भाताचे. पूर्वी बाया हे पोहे घरच्या व्हायनात कांडायच्या. जमिनीत पुरलेलं दगडाचं ते व्हायन, दोघी समोरासमोर मुसळ घेऊन उभ्या, हाताला फोड येईपर्यंत कांडण. मग मुंबईत गिरण्यांचा संप झाला, काशिनाथची नोकरी गेली आणि तो गावी येऊन पोह्यांची गिरण घालून बसला. दोन वर्षांत वाडीतल्या व्हायनांत कोंबड्या पाणी प्यायला लागल्या.

काशिनाथ मुंबईच्या गिरणीत लाईटखात्यात होता. बोलायला कमी. पण विजेचं काही विचारलं, की मात्र हातातलं काम टाकून सांगायचा. एकदा मी विचारलं, हे होल्टेज नि करंट म्हणजे एकच ना? तर म्हणाला, "एक कसा आसात? पाटाच्या पाण्याचो जोर ता होल्टेज. नि वाहता ता पाणी म्हणजे करंट." मग त्याने सांगितलं की, लाईट कमजोर झाली तरी मोटारीला काम तेवढंच ओढायचं असतं, म्हणून ती जास्त करंट घेते आणि तापते. आणि फ्यूज कशाला? तर शेताच्या मेरेला, म्हणजे बांधाला, आपण एक जागा मुद्दाम कच्ची ठेवतो, पाणी वाढलं की तेवढीच फुटते आणि बाकीची मेर वाचते, तशी ती बारीक तार. मी मान डोलावली. शेतातलं म्हणून कळलं. डोक्यात किती राहिलं ते पुढे दिसलंच.

गिरणीच्या मागे त्याने अर्थिंगाचा खड्डा केला होता. कोळसा, मीठ, मधे लोखंडी पाईप. मशीनच्या अंगात कधी वीज उतरली तर ती माणसात न जाता मातीत जायला हवी, आणि माती ओली असेल तरच ती जाते, असं त्याचं म्हणणं. म्हणून मथुरेने, त्याच्या बायकोने, रोज सकाळी तुळशीला एक तांब्या आणि त्या खड्ड्याला दोन घागरी घालायच्या, हा नेम. आम्ही हसायचो. तुळस कळते, हा कसला देव म्हणून आमच्या बाया मथुरेला चिडवायच्या. ती चिडायची नाही. हसत हसत घागरी न्यायची.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. चावदिसाला दोन दिवस उरले होते. पाऊस दसऱ्यालाच संपला होता, ऊन असं की अंगण पायाला भाजत होतं. अख्ख्या वाडीने भात भिजत घातलेलं. भिजवलेलं भात दुसऱ्या दिवशी भाजून गिरणीत गेलं नाही, तर आंबतं. आणि आदल्या संध्याकाळपासून लाईट अशी, की बल्बात नुसती लाल तार दिसायची. मोटार गुरगुरायची, आणि फटक्यासरशी फ्यूज जायचा.

सकाळी काशिनाथ लाईटच्या हापिसात तक्रार द्यायला निघाला. हापीस लांब, एसटी दिवसातून दोन. जाताना त्याने बायकोच्या हातात फ्यूजच्या तारेची गुंडाळी दिली. आम्ही रांगेतले सगळे ऐकत होतो.

"फ्यूज गेलो तर हीच बारकी तार घाल. तीनदा गेलो तर गिरण बंद कर."

"आणि माणसांचा भात?" मथुरेने विचारलं.

"आंबांदे," काशिनाथ म्हणाला आणि एसटी धरायला गेला.

दहा वाजेपर्यंत फ्यूज तीनदा गेला. मथुरेने तिन्ही वेळा मेन स्विच पाडून, नवऱ्याने शिकवली होती तशी तार भरली. बाई हुशार होती. तिसऱ्यांदा गेल्यावर तिने सरळ मशीनचा पट्टा उतरवला आणि भट्टीवरच्या महादूला सांगितलं, जाळ ओढ बाहेर. महादू तिचा भाचा, चाळिशीचा, बिनबोभाट काम करणारा. त्याने लाकडं मागे ओढली.

तेव्हा माझ्या आईने तोंड सोडलं. आमच्या घरी त्या वर्षी बहिणीची पहिली दिवाळी होती, जावई येणार होता. दोन पायली भात टोपलीतून ठिबकत होतं. आई म्हणाली, जावयासमोर काय दगड वाढू? काशिनाथला माणसांपेक्षा तार मोठी झाली काय? बाकीच्या बायांनीही मग धरलं. कोणी म्हणालं, मुंबईहून आले नि गावाला शहाणपण शिकवायला लागले. कोणी म्हणालं, पुढल्या वर्षीपासून दुसऱ्या गावच्या गिरणीत जाऊ. मथुरा ऐकत होती. या सगळ्या तिच्या रोजच्या बाया. एकीची ती सुईण झाली होती, एकीच्या लग्नात करवली.

आणि मी काय केलं? मी घरी गेलो. रेडिओच्या एरियलची तांब्याची तार होती, ती कापली, दुहेरी पिळली आणि घेऊन आलो. मला वाटलं, केवढं डोकं चालवलं मी.

"वयनी, बारकी तार जळता, म्हणान ही जाडी घालूया. जळाचीच नाय," मी म्हणालो.

"नको. ह्यांनी नको म्हणान सांगल्यानी हा."

"काशिनाथ आसा खंय हयसर? मी घालतंय. माझ्यार सोड."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी बसलेल्या बायांकडे पाहिलं. त्या सगळ्यांच्या मांडीवर टोपल्या. ती बाजूला झाली. एवढंच. हो म्हणाली नाही. मी मेन स्विचातल्या तिन्ही फ्यूजांत तार घातली, पेंचिसने, म्हणजे पकडीने, आवळली, पट्टा चढवला आणि मेन स्विच वर केला.

गिरण चालली. असली चालली की विचारू नका. मोटार गुरगुरत होती, पण थांबत नव्हती. बाया माझं कौतुक करत होत्या, आई सर्वांना सांगत होती, माझ्या झिलाने केल्यान. महादू कढईत वाळूत भात भाजत होता, मथुरा गरम गरम भात मशीनमध्ये ओतून हाताने कडेचं सारत होती. टोपल्यांतलं पाणी सांडून जमीन सगळी ओली. मधेच ती म्हणाली, जळका वास येतोय का? मी म्हणालो, महादूच्या भट्टीचा असेल. मग तिला आठवलं, की सकाळच्या गडबडीत अर्थिंगाला पाणी घातलेलं नाही. घागर घेऊन ती निघालीच होती.

"ता मगे घाल गो," मी म्हणालो. "आधी आमचा भात काढ."

तिने घागर दाराशी ठेवली.

आमचं भात निम्मं झालं असेल. इतका वेळ लाल दिसणारा बल्ब एकाएकी पांढराफेक पडला, डोळे दिपले. लाईट आली ती जोरात आली. बायांनी हात जोडले. बल्ब फुटला, आणि त्याच वेळी मथुरेचा ओला हात मशीनच्या कडेवर होता. ती ओरडली नाही. नुसती उभी राहिली, ताठ. मला वाटलं, ती काहीतरी ऐकतेय. महादूला आधी कळलं. त्याने भट्टीचं सुकं लाकूड उचललं आणि मेन स्विचचा दांडा खाली मारला. तेव्हा ती पडली. अंगावर आमचं भात होतं.

काय काय केलं तिला. चोळलं, राख लावली, बैलगाडी जुंपली. डॉक्टरपर्यंत न्यायची गरज नव्हती, पण नेली आणि परत आणली.

दुपारच्या एसटीने काशिनाथ उतरला. रस्त्यावरच त्याला कोणीतरी सगळं सांगितलं. बायकोला पाहून तो गिरणीत गेला, मेन स्विच उघडला आणि फ्यूज बाहेर काढून हातात धरला. माझी तार काळी पडली होती, पण वितळली नव्हती. मग मागच्या दारी जाऊन त्याने खड्ड्यातली माती चिमटीत घेतली. ती भुगा होऊन उडाली. दाराशी भरलेली घागर तशीच होती. त्या घागरीशेजारी तो बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. कोणाला काही विचारलं नाही त्याने. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी तेव्हाच मोकळा झालो असतो.

दिवाळी संपल्यावर चौकशीला लाईटच्या हापिसातला साहेब आला. खुर्ची मांडून गिरणीसमोर बसला, भोवती सगळी वाडी. त्याने वाचून दाखवलं. कमी दाबावर मोटार दोनेक तास चालली, आतल्या तारांवरचं वेष्टण भाजून निघालं. मग दाब एकदम वाढला आणि विजेने ते फोडलं, मशीनचं अंग जिवंत झालं. अर्थिंग कोरडं. नेमाची फ्यूज तार असती तर पहिल्या पाव तासात जळून मोटार बंद पडली असती. वाचून झाल्यावर त्याने मान वर केली.

"ही तांब्याची तार कोणी घातली?"

आईने पदर तोंडाशी धरला. मी माझ्या पायांकडे बघत होतो.

"मी घातली, साहेब," काशिनाथ म्हणाला.

"तुम्ही तर त्या दिवशी आमच्या हापिसात होता."

"सकाळी घातली नि मग आलो. गिरण माझी, मेन स्विच माझा. दुसरा कोण हात लावणार?"

साहेबाने लिहून घेतलं. काशिनाथची सही घेतली, कनेक्शन तोडलं. माणसं उठून घरी गेली. मीसुद्धा गेलो. जेवलोसुद्धा. तुम्हाला वाटेल माणूस आहे की कोण. मलाही तेच वाटतं.

पुढे एकदा काशिनाथ आमच्या खळ्यात आला. मी उभा राहिलो. म्हटलं, आता मारील, मारू दे. त्याने खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली.

"तुझी तार. तीन तुकडे आसत. रेडिओक लागात."

एवढं बोलून गेला. मी रेडिओ पुन्हा लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दोन घागरी घेऊन त्याच्या गिरणीच्या मागे जायला लागलो. कनेक्शन तोडलेलं, गिरण बंद, मशीनवर पोती टाकलेली, आणि मी अर्थिंगाला पाणी घालतोय. लोक बघायचे, कोणी चिडवायचं नाही. काशिनाथ पडवीत बसलेला असायचा. पंधरा दिवस नुसता बघायचा. मग एकदा तिथूनच म्हणाला, "मीठ घातलंस?" मी नाही म्हटलं. तर आत जाऊन त्याने मिठाचं मडकं आणून पायरीवर ठेवलं.

शहाऐंशीच्या दिवाळीला बाया व्हायनं घासून पुन्हा कांडायला उभ्या राहिल्या. आईच्या तळहाताची सालं निघाली. ती कण्हली नाही, आणि मुसळ दुसऱ्या कोणाला दिलं नाही. सत्त्याऐंशी साली काशिनाथला कनेक्शन परत मिळालं आणि चावदिसाच्या तोंडावर त्याने गिरण सुरू केली. आम्ही सगळ्यांनी भात भिजवून टोपल्या नेल्या. भट्टीवर महादू, मशीनवर काशिनाथ. आणि लाईट तीच. बल्बात लाल तार.

फ्यूज पहिल्यांदा गेला. काशिनाथने बारीक तार भरली. दुसऱ्यांदा गेला, पुन्हा भरली. तिसऱ्यांदा गेल्यावर त्याने पट्टा उतरवला आणि दारात येऊन उभा राहिला. टोपल्या घेऊन बसलेल्या बाया खाली बघत होत्या.

"आज होवचा नाय," तो म्हणाला.

आई उठली. सगळ्यांत पुढे तिची टोपली होती. मला वाटलं, आता ही काही बोलते की काय. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "उद्याक येतंव, काशिनाथा."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी लाईट सुधारली. तोपर्यंत भाताला वास सुटला होता, टोपल्यांवर चिलटं बसत होती. काशिनाथने प्रत्येक टोपलीत हात घालून वास घेतला आणि विचारलं, करू की परत नेतलंस? एकही टोपली परत गेली नाही. अंधार पडायच्या आत सगळ्यांचं झालं.

पहाटे कारेट फोडलं, दिवा लावला. बहीण आणि जावई आले होते, त्यांची पोर आता दीड वर्षाची. आईने पोह्यांत गूळ दुप्पट घातला होता, तरी आंबट ते आंबटच. जावयाने एक घास घेतला, आईकडे पाहिलं आणि पानातलं सगळं संपवलं. काशिनाथ एकटाच असतो म्हणून आईने एक वाडगा झाकून माझ्याकडे दिला. मी नेला तेव्हा तो अर्थिंगाच्या खड्ड्याशी उभा होता. त्याने तिथेच उभ्याने सगळे पोहे खाल्ले, वाडगा विसळला आणि ते पाणी खड्ड्यात ओतलं.