मालकाला न सांगता

या, जरा पुढं सरकून बसा, मागं ऐकू यायचं नाही. एका स्टुलाची गोष्ट सांगतो. हसू नका, स्टुलाचीच आहे.

तर लेकीनं लाकडी स्टूल उचललं आणि बापाच्या वाटेत, बोळकांडीच्या मधोमध ठेवलं. अलगद. टक असा आवाजसुद्धा होऊ दिला नाही. मग भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि श्वास रोखला.

बाप सायकलमिस्त्री. घर मागं, दुकान पुढं, मधे ही बोळकांडी. जन्म गेला पंक्चर काढण्यात आणि चाकं सरळ करण्यात. मध्यंतरी डोक्यात रक्ताची गुठळी अडकली, आणि दवाखान्यात एका सकाळी उठून तो म्हणाला, "अजून उजाडलं नाही का?" त्याला पुन्हा उजाडलंच नाही.

मिस्त्री मागच्या खोलीतून निघाला. एक हात भिंतीला, दुसऱ्यात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. स्टुलापाशी आला. आणि काय सांगू तुम्हाला, भिंतीवरचा हात काढला, अंग तिरकं केलं, स्टुलाला व्यवस्थित वळसा घातला आणि पुन्हा भिंत धरून चालू लागला. पेल्यातला थेंबही सांडला नाही.

"बाबा!"

"केवढ्यानं ओरडतेस ठमे! आंधळा आहे मी, बहिरा नाही."

"आंधळे? मग स्टूल कसं चुकवलंत?"

"कुठलं स्टूल?"

"हे! वाटेत ठेवलेलं!"

"वाटेत कशाला ठेवलंस? पडलो असतो ना गाढवा!"

"सोंग पुरे झालं बाबा. काल बादली चुकवलीत, आज स्टूल. मला इथं अडकवून ठेवायचंय, तर तोंडानं सांगा ना सरळ."

मिस्त्री तसाच पुढं निघाला. दुकानात जाऊन खुर्ची चाचपू लागला. दोनदा हात हवेतच फिरला, तेव्हा कुठं खुर्ची सापडली. बसला, पेला मांडीवर धरून. पाणी प्यायचंच विसरला.

आता लेक एवढी का चिडली, ते ऐका. तिचा नवरा घर सोडून गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. ती एका लाँड्रीत इस्त्री करायची, भाड्याच्या खोलीत राहायची आणि रात्री पातेल्यातूनच, ओट्याशी उभ्या-उभ्या जेवायची. ताट कुणासाठी घ्यायचं? बापाला मात्र फोनवर सांगायची, आम्ही मजेत. आवाज तिला जमायचा. चेहरा जमत नव्हता, म्हणून वर्षभर इकडं फिरकलीच नव्हती. लहानपणापासून बापानं एकदा तोंडाकडं बघितलं की संपलं, पोटातलं सगळं बाहेर. मग बापाचे डोळे गेले आणि ती रजा काढून आली. तिला वाईट वाटलं, रडली. आणि लाज वाटावी इतकं हलकंही वाटलं. आता त्याच्यासमोर कसंही तोंड करून बसता येत होतं.

आणि त्याला दिसत असेल, तर? म्हणजे इतके दिवस तो सगळं बघत होता.

दुसऱ्या दिवशी ती त्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी हात वर धरला आणि म्हणाल्या, "काका, माझा हात कुठल्या बाजूला आहे?"

"बाई, ते दिसलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

"उगीच अंदाज सांगा."

"सांगतो. डावीकडं."

बरोबर. पुन्हा विचारलं. उजवीकडं. बरोबर. खाली. बरोबर. बाई हात हलवत राहिल्या, मिस्त्री वैतागून ठोकून देत राहिला, आणि बहुतेक सगळं बरोबर येत गेलं. खिडकीतून बाहेर किती माणसं दिसतात विचारलं, तर म्हणाला, "कुठली खिडकी?"

लेकीचे ओठ आवळले गेले. "बघितलंत? मी म्हणत होते ना."

"नाही हो, खोटं नाही बोलत ते." बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "डोळे त्यांचे धडधाकट आहेत. मेंदूत मागच्या बाजूला बघायची जागा असते, ती गेलीय. पण डोळ्यांकडून आत जायच्या आडवाटा असतात, त्या उरल्यात. असं समजा, घराचा मालक आत झोपलाय. दारात कोण आलं, वाटेत काय पडलंय, हे नोकराला दिसतं. तो आपलं काम करतो. मालकाला मात्र कुणी काही सांगत नाही."

"म्हणजे बघतात, पण त्यांना माहीत नाही?"

"हो. आणि तसं आपल्या सगळ्यांचंच अर्धं घर नोकर चालवतात. यांच्याकडं ते उघडं पडलंय, एवढंच. कितपत चालतं, कुठवर चालतं, ते मलाही नीट सांगता यायचं नाही."

मिस्त्री मान हलवत म्हणाला, "म्हणजे माझ्याच घरात मला कुणी विचारत नाही. बायको होती तेव्हाही हेच होतं."

बाई हसल्या. लेक हसली नाही. वाटेत तिनं बापाचा हात घट्ट धरला, पण माफी काही मागवली नाही तिच्यानं.

मग तिचा जायचा दिवस आला. लाँड्रीवाला आणखी रजा देईना. शेजारच्या मावशी दोन वेळचा डबा द्यायला तयार झाल्या. आणि दुकान सोडून मिस्त्री कुठं जाणारच नव्हता. इथला खिळान् खिळा त्याच्या हाताच्या ओळखीचा.

संध्याकाळच्या गाडीसाठी ती पिशवी खांद्याला लावून दुकानात आली. मिस्त्री एका ट्यूबला पॅच चिकटवत बसला होता, अंगठ्यानं दाबून.

"निघते हं बाबा!" आवाज असा लख्ख, की ऐकणाऱ्याला वाटावं लग्नाला चाललीय. "ह्यांचा दोनदा फोन येऊन गेला. कधी येतेस म्हणून. करमत नाही म्हणे माझ्याशिवाय!"

आणि बोलता बोलता तिचा चेहरा सुटला. तिनं सुटू दिला. कोण बघणार होतं? तोंड वाकडं झालं, हनुवटी थरथरली, पाणी गालांवरून सरळ खाली. आवाज मात्र हसतच होता. "आणि मी फोन करीनच रोज. तुम्ही गोळ्या चुकवू नका."

मिस्त्रीचा अंगठा थांबला.

त्याचं तोंड तिच्याकडं होतं. डोळे तिच्यावर नव्हते, थोडे वरच, दाराच्या चौकटीवर. पण त्याचे ओठ हळूहळू खाली ओढले गेले. हनुवटी हलायला लागली. अगदी तिच्यासारखी.

"काय झालं बाबा?" आवाज अजून हसराच.

"काही नाही गं." त्यानं मनगटानं नाक पुसलं. "ह्या सोल्युशनचा वास चढला बहुतेक." ट्यूब बाजूला ठेवली. मग, कुठून कुणास ठाऊक, म्हणाला, "ठमे, तिकडं तुझ्याबरोबर जेवायला कोण असतं?"

तिनं तोंड उघडलं. आता आवाजही जमेना.

मिस्त्रीनं पाय लांब केला. कपाटाशेजारचं तेच स्टूल पायानं ओढलं आणि तिच्यासमोर, अगदी तिच्या गुडघ्यापाशी सरकवलं. त्याला स्वतःला कळलंही नसेल. ट्यूब पुन्हा अंगठ्याखाली घेतली.

"बस," म्हणाला.

त्या दिवशीची गाडी तिच्याविना गेली. लेक दुसऱ्या दिवशी निघाली. तिकडची खोली सोडून, सामान घेऊन परत येईन, असं सांगून गेलीय. अजून आलेली नाही. आता रोज फोन करते. फोनवर चेहरा जात नाही, म्हणून आता आवाजात खरं तेवढं बोलते.

मिस्त्री तोवर एकटाच असतो. गिऱ्हाईक येतं, लांबूनच हाक मारतं, सायकल टेकवतं आणि जातं. डोळे नसलेल्या माणसासमोर चेहरा कशाला कोण नीट करतो?

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. त्या बाजूला कधी गेलात, तर हाक मारू नका. दारात नुसते उभे राहा, आणि त्याच्याकडं बघून हसा. मनापासून हसा हं, उगीच दात दाखवू नका. आणि मग येऊन मला सांगा, त्यानं काय केलं.