बरोबर वाजणारं घड्याळ

घड्याळ आत्याने स्वतःच उचलून आणलं. गाडीतून उतरताना भाच्याने हात पुढे केला, तेव्हा तिने ते दुसऱ्या काखेत घेतलं. दुकानाचं दार पायाने ढकललं, काउंटरवरची मासिकं कोपराने सरकवली आणि घड्याळ पालथं ठेवलं.

"याच्या आतलं मशीन किती जुनं आहे ते सांग," ती घड्याळवालीला म्हणाली. "आणि या दोघांना नीट ऐकू जाईल असं सांग."

दोघं म्हणजे भाचा आणि त्याची बायको. भाचा दाराशीच थांबला होता. बायको आत येऊन भिंतीवरची घड्याळं बघत होती. त्यातल्या कुठल्याच दोन घड्याळांत एक वेळ नव्हती.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. शहराच्या पोहण्याच्या तलावावर तिने उभा जन्म शिकवण्यात घालवला. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, आवाज पलीकडच्या काठापर्यंत. अर्धं शहर तिला शिट्टीबाई म्हणूनच ओळखतं. लग्न केलं नाही. एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर. तरुणपणी जुन्या बाजारातून घेतलेलं कुकूचं घड्याळ तिच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगलेलं असे. कोरीव पानांचं लाकडी घर, छपराखाली खिडकी, तासाला खिडकी उघडून पक्षी बाहेर येई आणि ओरडे. गेल्या हिवाळ्यात ते बंद पडलं. भाच्याने ते साफ करायला म्हणून नेलं आणि चालू करून परत आणून टांगलं.

त्या दिवसापासून आत्या एकच गोष्ट सांगत होती. पेटी माझी आहे, आतलं मशीन माझं नाही.

भाचा म्हणे, तेच आहे आत्या, फक्त साफ झालंय. ती म्हणे, मला शिकवू नकोस. भाचेसुनेने हे डॉक्टरांच्या कानावर घातलं, सोबत गॅस चालू राहिला होता तो प्रसंगही सांगितला. आपल्या वस्तू कुणीतरी बदलल्या असं वाटणं हे लक्षण हलक्यात घेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले. मग वृद्धाश्रमात चौकशी झाली. तिथे एक खोली रिकामी झाली होती, बागेच्या बाजूची. होकार या आठवड्यात कळवायचा होता.

शेवटी पैज ठरली. मशीन जुनंच निघालं तर आत्याने घड्याळाचा विषय सोडायचा आणि मुकाट्याने खोलीत राहायला जायचं. बदललेलं निघालं तर खोलीचा विषय कायमचा बंद. पैज आत्यानेच घातली. भाचा लगेच हो म्हणाला. जरा जास्तच लगेच.

"आजी, बसा ना," घड्याळवाली म्हणाली.

"आजी तुझ्या घरी. मी उभी आहे ते दिसतंय ना?"

घड्याळवाली हसली. पन्नाशीची, भरल्या अंगाची, बोलकी बाई. दुकान सासऱ्यांचं, पण सासऱ्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं हे ती सासऱ्यांच्या देखतच सांगत असे. तिने मागची फळी काढली, डोळ्याला भिंग लावलं आणि दिव्याची मान खाली ओढली.

"भाते बघा," भाचा दारातून म्हणाला. "त्यावरून कळतं म्हणतात."

भाते म्हणजे आतल्या दोन इवल्या पेट्या. त्या फुगतात, मिटतात, म्हणून पक्षी ओरडतो.

"कोण म्हणतं? भाते दर काही वर्षांनी फाटतात, लोक नवे बसवतात. भात्यावरून मशीनचं वय काढणं म्हणजे टोपीवरून टाळूचं वय काढणं." ती वाकली. "वय पाहायचं तर पितळी पाट्या, स्क्रूंची डोकी, दात्यांची कापणी. आणि किती वाजवायचं ते ठरवणारा भाग कुठला आहे ते. हं. हे बघा, इथे पायऱ्यांची चकती आहे."

तिने चिमट्याचं टोक तासकाट्याच्या मुळाशी टेकवलं. तिथे गोगलगाईच्या शंखासारखी एक लहान चकती होती, कडेला पायऱ्या कापलेली.

"काटा फिरला की ही चकती फिरते. एक दांडी तिच्या पायरीवर पडते. पायरी जितकी खोल, तितक्या वेळा पक्षी ओरडतो. काटा चारवर असेल तर चारच. चुकायची सोयच नाही. त्याआधीची मशीनं वेगळी असायची." ती सरळ झाली. "हे साठेक वर्षांचं आहे. पाच इकडे, पाच तिकडे. चांगलं मशीन आहे."

भाच्याने श्वास सोडला. "झालं, आत्या. साठ वर्षं. चल आता."

"कुठे चल? मी अजून बोलले कुठे?" आत्याने काउंटरवर बोट आपटलं. "चुकायची सोयच नाही म्हणालीस ना?"

"नाही."

"माझं घड्याळ चुकायचं. चार वाजले की अकरा वेळा ओरडायचं. पाचला बारा. सहाला एक. काटे बरोबर आणि ओरडणं भलतंच."

"बघा ताई, हेच!" भाचा पुढे आला. आवाजात राग नव्हता, काकुळतीच होती. "हेच ती सगळ्यांना सांगते. शेजाऱ्यांना, डॉक्टरांना. तुम्हीच सांगितलंत की हे मशीन चुकू शकत नाही. मग जे घडूच शकत नाही ते तिला आठवतं, याचा अर्थ काय घ्यायचा आम्ही?"

भाचेसून आत्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं. हट्ट नका करू."

"माझ्यासाठी चाललंय तर मला बोलू दे." आत्याने केसांतली पिन काढली. पांढऱ्या केसांची बट कपाळावर आली, ती तिने फुंकर मारून उडवली. पिन तिने पेटीच्या खालच्या अंगाने आत घातली, डावीकडे, आणि हवेतच वर उचलली. "इथे एक तार लोंबत असायची. ती अशी उचलली की पक्षी पुढच्या तासाचं ओरडायचा. काटे मात्र जागचे हलायचे नाहीत. अकरा वाजवून बसला असेल आणि हवे असतील चार, तर पाचदा उचलायची. बारा, एक, दोन, तीन, चार. आता इथे तार नाही. ती मी स्वप्नात उचलत होते का?"

घड्याळवालीने भिंग काढलं.

"ही तार तुम्हाला कुणी दाखवली?"

"कुणी कशाला दाखवायला पाहिजे? बोटं घातली, सापडली."

"आणि दर वेळी उचलत बसायच्या?"

"छे. तेवढा वेळ कुणाला आहे? सात वजा करायचे. पोरांच्या वेळा मोजण्यात जन्म गेला, मला सात वजा करायला काय जातंय?"

घड्याळवालीने भाच्याकडे मान वळवली. "ऐका. पायऱ्यांच्या चकतीच्या आधी खाचांची चकती असायची. तिच्यावर एक, दोन, तीन असे ठोके ओळीने मोजलेले. काटे कुठे आहेत याचा तिला पत्ता नाही. वाजता वाजता घड्याळ मध्येच बंद पडलं की पुढचं सगळं ओरडणं सरकलंच. मग ते जागेवर आणायला तार. यांनी सांगितली ती, इथेच, डावीकडे. हे कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. यांच्या भिंतीवर तसं मशीन होतं."

"असेल!" भाचा म्हणाला. "असेल कधीतरी. मी कुठे नाही म्हणतो? पण तुम्हीच म्हणता की आतलं साठ वर्षांचं आहे. म्हणजे कुणीतरी केव्हाच बदललं. माझ्या वडिलांनी बदललं असेल, त्यांना असले उद्योग आवडायचे. तीस वर्षं झाली असतील. आत्या ते विसरली आणि आधीचं तेवढं लक्षात राहिलं. डॉक्टरही असंच म्हणतात, जुनं राहतं, मधलं पुसलं जातं."

मुद्दा बिनतोड होता. घड्याळवालीनेही मान हलवली, हो म्हणून नाही, पण नाही म्हणूनही नाही. "असं होऊ शकतं," ती म्हणाली. "मी मशीनचं वय सांगू शकते, बाई. ते मी सांगितलं."

भाचेसुनेने पर्स खांद्याला लावली.

"उचलू नकोस पर्स," आत्या म्हणाली. मग घड्याळवालीला, "पाणी कुठल्या नदीचं ते सांगितलंस. मी विचारतेय, तलावात कधी भरलं? तलाव रिकामा करून भरला की काठावर रेघ राहते. या पेटीला काठ नाही का?"

घड्याळवालीने पुन्हा भिंग लावलं, साखळ्या सोडवल्या, काटे काढले आणि चार स्क्रू फिरवून मशीन उचलून बाजूला ठेवलं. उरली ती रिकामी पेटी. तिने दिवा पेटीतच घातला.

बराच वेळ ती नुसती पुटपुटत होती. भाचा मोबाइल बघत होता, पण त्याचा अंगठा हलत नव्हता.

"इकडे या सगळे," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही पण. दारात काय उभे?"

पेटीचं लाकूड आतून धुराने आणि वयाने काळपट झालं होतं. त्यात स्क्रूंची भोकं होती. चार भोकं काडीचे तुकडे ठोकून बुजवलेली. त्यांच्या शेजारी चार नवी, कडा पिवळ्याधमक, ताज्या सोललेल्या काडीसारख्या.

"साखळ्यांची भोकं बघा. खालच्या फळीत. ही जुनी. साखळी घासून घासून इथे खोबण पडली आहे, बोट लावा. मशीनची ठेवण वेगळी, म्हणून शेजारी नवी पाडली. यांना खोबण आहे का?"

भाचेसुनेने बोट लावलं. "नाही."

"तीस वर्षं रोज साखळी ओढली असती तर असती. आणि हे." तिने पेटी तिरकी करून कागदावर झटकली. चिमूटभर भुसा पडला. तिने तो फुंकला नाही, दिव्याखाली सरकवला. "पांढरा आहे. वर धूळसुद्धा बसलेली नाही. मशीन साठ वर्षांचं. बसवलंय गेल्या हिवाळ्यात. पाहिजे तर कोर्टात येऊन सांगते."

आत्या भाच्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यावरून तलावावरच्या पोरांना जे कळायचं ते त्यालाही कळलं असावं, कारण तो मोबाइल खिशात घालून सरळ उभा राहिला.

"दुरुस्तीवाल्याने परस्पर बदललं का रे?" भाचेसुनेने विचारलं. "तुला फसवलं त्याने?"

हो म्हणायला त्याला जागा होती. त्याने ती घेतली नाही.

"मीच सांगितलं बदलायला."

"काय?"

"चारला अकरा वाजायचे गं! मी फोन केला की मागे ते ओरडायचं, आणि मला वाटायचं, ही इथे एकटी, हिला वेळ तरी कळते का? दुरुस्तीवाला म्हणाला, जुनं नीट होईल, पण असंच सरकत राहणार. हे बसवा, कधी चुकणार नाही. हेसुद्धा जुनंच आहे म्हणाला. मला वाटलं, तिला कळणारही नाही."

"आणि कळलं तेव्हा?" भाचेसुनेचा आवाज चिरकला. "मी डॉक्टरांसमोर बसून सांगितलं. तू शेजारी बसला होतास. मला तरी सांगायचंस!"

"आधी सांगितलं नाही, मग सांगता येईना."

"येईना काय? जीभ गहाण पडली होती?"

"पुरे," आत्या म्हणाली. "भांडण घरी जाऊन करा, इथे भुसा उडेल." ती भाच्याकडे वळली. "खोटं वाजायचं ते घड्याळ. पण किती खोटं ते मला ठाऊक होतं. तू माझ्या भिंतीवर खरं वाजणारं आणून लावलंस आणि मला खोटी पाडलीस. आता फोन काढ."

"कुणाला?"

"आधी डॉक्टरांना. घड्याळ मी बदललं होतं, असं सांग. मी म्हणजे तू. माझं नाव घेऊन हळहळू नकोस. मग आश्रमाला."

"आत्या, डॉक्टरांना करतो. पण खोलीचं जरा... गॅस राहिला होता ते तर खरं आहे ना? तू पडलीस, कुणाला कळलं नाही, तर?"

"पडेन. या वयात माणसं पडतात, तुझ्या वयातही पडतात. पडले की ओरडेन. माझा आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठावर जायचा, तीन मजले खाली जाणार नाही? आणि गॅस राहिला तो मी कबूल केला होता, त्याच दिवशी. तू काय कबूल केलं होतंस?"

तो काउंटरच्या कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलू लागला. हळू बोलत होता. "मोठ्याने," आत्या म्हणाली, आणि तो मोठ्याने बोलला. दुसरा फोन भाचेसुनेने स्वतः लावला आणि खोली नको म्हणून दोन वाक्यांत सांगून टाकलं. कारण विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "कारण त्यांना यायचं नाहीये."

मग तिने पर्समधून आत्याच्या घराची दुसरी किल्ली काढून काउंटरवर ठेवली.

आत्याने ती परत तिच्याकडे सरकवली. "तुझ्याकडे असू दे. कुणाकडे तरी हवीच. याच्याकडे नको, एवढंच."

"हे मशीन परत बसवू?" घड्याळवालीने विचारलं. "वाजेल तरी. खाचांची चकती असलेलं तुमच्या पेटीच्या मापाचं मिळायला वेळ लागेल. मिळालं तरी तुमचं नसेल."

"नको. पेटी अशीच दे." आत्याने केस मागे घेतले आणि पिन खोचली. "दुरुस्तीवाल्याचं दुकान कुठे आहे?"

"बाजाराच्या मागे," भाचा म्हणाला. "पण आत्या, इतक्या महिन्यांनी... त्याने ते मोडीत घातलं असेल. विकलं असेल."

"मग कुणाला विकलं ते विचारू."

"मी उद्या जाऊन..."

"उद्या नाही." तिने रिकामी पेटी काखेत मारली. "मशीन तू उचल, त्याचं त्याला परत द्यायचंय. जपून धर, दुसऱ्याचं आहे."

तिने दार पायानेच उघडलं. गाडी समोर उभी होती. तिच्याकडे न बघता ती बाजाराच्या दिशेने चालू लागली, भाचेसून तिच्या बरोबरीने, आणि मागून भाचा, दोन्ही हातांत मशीन सांभाळत, वाटेतल्या लोकांना बाजूला व्हा म्हणत.