एका बहिणीसाठी

ख्रिस्ती समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिली सहामाही फक्त गप्प बसायला शिकवतात. भूगोलबाईंना तेवढंच जड गेलं. एकोणीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याच्या उत्तराची दिशा, उंची आणि पर्जन्यमान सांगून मोकळं व्हायची त्यांना सवय. सत्तेचाळिसाव्या वर्षी देवाने आपल्याला या सेवेसाठी बोलावलं, असं त्या सांगत. नवऱ्याचं म्हणणं, बोलावलं असेल, पण ऐकायला बोलावलंय, बोलायला नाही.

त्यात त्यांची मार्गदर्शिका निघाली त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. सातवीत नकाशावर नदी डोंगरावर चढवली म्हणून बाईंनी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता ती मॅडम होती, बाईंच्या प्रत्येक बैठकीची टिपणं लाल पेनाने तपासायची आणि जुन्या शिक्षेबद्दल अवाक्षर काढत नव्हती. बाईंना तेच जास्त लागायचं.

समोर येणाऱ्या माणसाला पुस्तकात समुपदेशार्थी म्हणायचे आणि चहाच्या टेबलावर केस. खोली लहान. दोन खुर्च्या, मध्ये कागदी रुमालांचा खोका. घड्याळ समोरच्याच्या पाठीमागे, म्हणजे वेळ फक्त समुपदेशकाला दिसणार. बैठक पन्नास मिनिटांची. सल्ला द्यायचा नाही. बायबलचं वचन फेकून मारायचं नाही. प्रार्थना समोरच्याने मागितली तरच. माणूस आला नाही तरी त्याची पन्नास मिनिटं खुर्चीत बसून काढायची, कारण ती वेळ त्याची. आणि सगळ्यांच्या वरचा नियम, खोलीतलं खोलीत.

बाईंच्या वाट्याला आली कपडे शिवणारी एक बाई. ही शिवणवाली दर गुरुवारी दहाला यायची. तिला तिच्या नवऱ्यानेच पाठवलं होतं. पत्नीचं मन थाऱ्यावर नाही, कृपया ठीक करून द्यावं, असं त्याने अर्जात वळणदार अक्षरात लिहिलं होतं, जणू मिक्सर दुरुस्तीला टाकलाय. उकाड्यातही तिच्या बाह्या मनगटापर्यंत. ती खुर्ची थोडी फिरवून बसायची, दार दिसेल अशी. पहिल्या पाच बैठकांत ती गळे, प्लीट आणि अस्तर याविषयी बोलली. बाईंनी टिपणात लिहिलं, 'प्रगती मंद.' मॅडमनी लाल पेनाने विचारलं, 'कोणाची?'

सहाव्या बैठकीत ती एका दमात बोलली. पुढच्या गुरुवारी इथे येते म्हणून घरातून निघायचं आणि इथे यायचं नाही. शिवणयंत्रामागे निळी बॅग भरून ठेवलीय. मावशीकडे जायचं. मावशीच्या गावाचं नावही तिने सांगितलं. त्या गावाला नदी कुठून वळसा घालते, हे बाईंच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि स्वतःवर खूश झाल्या.

उठताना शिवणवालीने विचारलं, "माझ्यासाठी प्रार्थना कराल ना, बाई?"

बाई म्हणाल्या, करीन. मागितली होती, तेव्हा नियमातही बसत होतं.

रविवारी उपासना संपल्यावर त्यांची मोठी नणंद वही घेऊन बसली. नणंद म्हणजे प्रार्थना-साखळीची पहिली कडी. तिने दोघींना फोन करायचा, त्या दोघींनी आणखी चौघांना, असं करत विनंती पाच चर्चच्या मंडळ्यांत फिरायची, आणि शेवटच्या माणसाने पुन्हा नणंदेला फोन करून साखळी बंद करायची. जिथे गोष्टी फुटतात त्या जागेला लोक चावडी म्हणतात. इथे डोळे मिटून बोलायचे, म्हणून ती प्रार्थना.

नाव नको सांगूस, नणंद म्हणाली, नाव देवाला माहीत असतं. पण काय मागायचं ते तरी कळायला नको? मोघम प्रार्थना म्हणजे पत्ता न घातलेलं पाकीट.

बाईंनी विचार केला. नाव नाही, गाव नाही, बॅग नाही. मग म्हणाल्या, "एका बहिणीसाठी. गुरुवारी ती घराबाहेर मोठं पाऊल टाकणार आहे."

नणंदेने लिहून घेतलं आणि 'गुरुवारी'खाली रेघ मारली.

सोमवारी संध्याकाळी साखळी पूर्ण झाली. विनंती कशी बाळसं धरून आली, हे नणंदेने कौतुकाने वाचून दाखवलं. "एका बहिणीसाठी, जी गुरुवारी निळी बॅग घेऊन नवऱ्याचं घर मोडायला निघाली आहे. देवाने तिची पावलं अडवावीत."

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. "यात निळी बॅग कुणी घातली, ताई?"

"ते खालच्या मंडळीतले भाऊ. दारात उभं राहून गीतपुस्तकं वाटतात ना, प्रत्येकाला नावाने हाक मारतात, ते. काल रात्री त्यांनीच जोडलं. फार आस्थेचा माणूस. आज तर मला दोनदा फोन. विनंती मुळात कुणाची, म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"आता देवाच्या कामात खोटं कसं बोलू? तुझं नाव सांगितलं."

अर्जाखालची वळणदार सही बाईंच्या डोळ्यांपुढे आली. शिवणवालीने पहिल्याच दिवशी, गळ्या-अस्तरांच्या मध्येच, सांगितलं होतं, आमचे हे चर्चच्या दारात असतात, कुणी आत-बाहेर गेलेलं त्यांच्या नजरेतून सुटत नाही. बाईंनी ते टिपणात 'पतीची सेवावृत्ती' या मथळ्याखाली लिहिलं होतं.

मंगळवारी सकाळी त्या मॅडमसमोर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. सगळं सांगितलं. मॅडमनी लाल पेनाचं टोपण लावलं.

"बाई, तुम्ही देवाला सांगितलंत, त्याला माझी हरकत नाही. देवाकडून आजवर एकही गोष्ट बाहेर फुटलेली नाही. तुम्ही नणंदेला सांगितलंत."

मग त्यांनी कार्यालयातून शिवणवालीच्या घरचा नंबर काढून फोन लावला. पुरुषाने उचलला. आवाज मऊ, नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखा. ती प्रार्थनेत आहे, तो म्हणाला, आत्ता उठवता येणार नाही. मॅडमनी पोलिसांना कळवलं. दुपारी हवालदाराचा निरोप आला. घरी जाऊन आलो, बायको नातेवाइकांकडे गेलीय म्हणतात, चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही, अहो तो तर देवमाणूस. सकाळी प्रार्थनेत असलेली बाई दुपारी नातेवाइकांकडे कशी, हे हवालदाराला विचारलं, तर म्हणाला, प्रार्थना संपली असेल. मॅडमनी वरच्या साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, बघतो.

बुधवार भूगोलबाईंनी कसा काढला, ते त्यांनाच ठाऊक. दाराची बेल वाजली की त्या आतल्या खोलीत जात, आणि दूधवाल्याला नवऱ्याने दोनदा नाव विचारलं.

गुरुवारी दहाला त्या खोलीत जाऊन बसल्या. वेळ शिवणवालीची होती. मॅडम भिंतीपलीकडे दार उघडं टाकून बसल्या होत्या. काही वाटलं तर खुर्ची जोरात सरकवा, त्यांनी बजावलं होतं.

दहा वाजून चार मिनिटांनी दार वाजलं. आत आला तो पन्नाशीचा, बुटांना पॉलिश, भांग सरळ. हातात निळी बॅग. त्याने बाईंना नावाने नमस्कार केला आणि फिरवून ठेवलेली खुर्ची सरळ करून बसला.

"वेळ तिचीच आहे ना? वाया कशाला घालवायची."

बॅग त्याने रुमालांच्या खोक्यावर ठेवली आणि चेन उघडली. आत रद्दी होती. घट्ट गुंडाळलेली रद्दी आणि वर एक जुना पडदा.

"रविवारी मशीनमागे सापडली. मी हात लावला नाही. म्हटलं, गुरुवार आहे ना अजून. गुरुवारी मी रजा टाकली होती, दार लावून घेणार होतो." तो हसला. "सोमवारी दुपारी ती सुया आणायला गेली. मी कामावर निश्चिंत. बॅग घरातच होती."

बाईंच्या अंगावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. म्हणजे ती जिवंत होती. गुरुवार तिने जगात एकाच माणसाला सांगितला होता, आणि वर प्रार्थनाही मागितली होती. बाई सहा आठवडे तिचं मन मोजत बसल्या होत्या, आणि शिवणवालीने समोर बसून बाईंचंच माप घेतलं होतं. छाती, कंबर आणि जिभेची लांबी. इंचभरही चुकलं नव्हतं.

पण मावशीचं गाव? ते खरं कापड होतं की तेही अस्तर?

"ती तुमच्याशी बोलायची," भाऊ म्हणाले. "कुठल्यातरी नातेवाइकाचं बोलली असेल."

बाईंनी त्यांच्या पाठीमागे पाहिलं. घड्याळात दहा वाजून अकरा मिनिटं.

"तुम्हाला माहीत आहे. तुमच्या चेहऱ्यावर दिसतं." ते खुर्चीत पुढे सरकले. "बरं, मला नका सांगू. नियम असतील. देवाला सांगा. प्रार्थना करू. तुम्ही सुरुवात करा, मोठ्याने. ती जिथे असेल, त्या गावाचं नाव घेऊन मागा, म्हणजे देव तिथे तिला सांभाळेल."

मागितली होती. नियमात बसत होतं. जन्मात कधी बाईंनी मोठ्याने करायची प्रार्थना नाकारली नव्हती. गावाचं नाव जिभेवर होतं, नदीसकट, तालुक्यासकट. त्यांनी खुर्ची सरकवली नाही.

"मनातल्या मनात करू," त्या म्हणाल्या.

भाऊंनी मान झुकवली. डोळे मिटले नाहीत. बाईंनी मिटले. पलीकडे मॅडमची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पावलं दाराशी येऊन थांबली. देवाकडून काही फुटत नाही, हे पक्कं ठाऊक असूनही बाईंनी मनातल्या मनातदेखील गावाचं नाव घेतलं नाही.

बऱ्याच वेळाने भाऊ म्हणाले, "आमेन." बॅग तिथेच ठेवून ते उठले आणि दारात उभ्या असलेल्या मॅडमनाही त्यांनी नावाने नमस्कार केला.

"पुढच्या गुरुवारी येतो," ते म्हणाले. "वेळ तिचीच आहे."