बाटल्या तोंडावरून ओळखणारा सूर्यभान

सूर्यभानला एक घमेंड होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पोरवयात अजिंठ्याकडं त्यानं बापाची शंभर मेंढरं राखली होती. कुठल्या मेंढीचं कोकरू कुठलं, हे तो नुसतं तोंड बघून सांगायचा. आता वाळूजला कंपनीत पाळीवर जात होता, पण घमेंड काही गावाकडं ठेवून आला नव्हता.

बाथरूमच्या फळीवर त्याचा खजिना होता: थिनर, फरशीचं अ‍ॅसिड, झुरळांचं औषध, गावाकडच्या मेंढरांसाठी आणलेलं गोचिडाचं औषध. मोठे डबे जागा खातात म्हणून सगळं सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत ओतलेलं, आणि डबे भंगारात.

"अहो, निदान नावं तरी लिहा," बायको अंबिका म्हणायची.

"मेंढराला कुणी चिठ्ठी लावतं व्हय? मला तोंडावरून कळत्यात."

"मग हाक मारून बघा, एखादी येते का."

सूर्यभान हसून सोडून द्यायचा.

त्याची माय बानाबाई चार दिवस राहायला आली, तेव्हा तिच्या गुडघ्यांचं तेलही सरबताच्याच बाटलीतून आलं आणि त्याच फळीवर बसलं. एका दुपारी पाय चोळता चोळता ती म्हणाली, "सूर्या, तेल आज लईच पातळ लागतंय रं. चुणचुणतंय बी."

अंबिका धावली. म्हातारीचं लुगडं बदललं आणि साबण लावून नळाच्या धारेखाली तिचे पाय धुवायला बसली. "ओळखा आता! कोणती लावली?"

सूर्यभाननं बाटल्या ओळीनं मांडल्या. सगळ्या सारख्याच पिवळट. त्यानं एकीचं झाकण उघडून नाक पुढं केलं, तसं अंबिकानं ओल्या हातानं त्याला मागं सारलं. "हुंगता काय? एकीला धुतेय ते पुरे नाय का?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, "औषधाचं नाव काय? डब्यावर लिहिलेलं असतं ते सांगा."

"माहीत नाय, बाई," सूर्यभान म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. माय समोर खाटेवर पडलेली, आणि तिला काय लावलंय एवढंही त्याला सांगता येईना. स्वतःचा एवढा राग त्याला कधी आला नव्हता.

बानाबाईनं त्याचा हात धरला. "आरं, मेंढरू आपल्याकडं बघतं, म्हणून वळखू येतं. बाटली बघती का कधी?"

संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवून बाईंनी तिला घरी सोडलं. म्हातारी ठणठणीत होती, वर दवाखान्याचा चहा पांचट म्हणून कुरकुरत होती.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान मोरीत बाटल्या रिकाम्या करायला निघाला, तर अंबिकानं वाट अडवली. "ते पाणी नाल्यातून पुढं कुणाच्या तरी पायाला लागेल." मग त्यानं हातमोजे घालून झाकणं घट्ट केली, बाटल्या टबात उभ्या ठेवल्या, वर 'विषारी' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि घंटागाडीवाल्याला सगळं समजावून टब वेगळा दिला. यापुढं लागेल तेवढंच आणायचं, आणि आणलेलं त्याच्याच डब्यात ठेवायचं, हे अंबिकानं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

तेवढ्यावर त्याचं मन भरेना. गावाकडं चुलतभाऊ कडुबा अजून मेंढरं राखतो, त्याला त्यानं फोन लावला.

"कडुबा, गोचिडाचं औषध डब्यातच ठेव रं. बाटलीत ओतू नको."



"आता रं? तूच तर दिवाळीला शिकवून गेलास. घरात सरबताच्या बाटल्या हायेत चार. कोणत्या बाटलीत काय, ते मला बी आठवंना."

"शोधू नको! हात लावू नको, खोलीला कडी घाल, पोरांना अंगणात बसव," सूर्यभान ओरडला. "मी निघालोच."