खिडक्या लावून घेतलेला तास

फहमिदानं विज्ञानाच्या वर्गाची शेवटची खिडकी ओढून घेतली, कडी घातली आणि मुलींकडे वळून पाहिलं. नववीच्या मुली माना खाली घालून बसल्या होत्या. सत्तर सालचा मार्च पत्र्यावर तापत होता, वर्गात वाऱ्याची झुळूक नव्हती. पण खिडक्या बंद ठेवायच्या, ही शाळेचे सेक्रेटरी नानासाहेब यांची अट होती.

नानासाहेबांनी हा तास महिनाभर अडवून धरला होता.

"बाई, तुम्ही वर्षभर अमेरिकेत शिकून आलात, आम्हाला अभिमान आहे. पण तिकडची थेरं आमच्या पोरींना कशाला?"

"तिकडेही हेच म्हणत होते, साहेब. फक्त ते याला रशियाचा डाव म्हणत होते."

नानासाहेबांना हसू आवरलं नव्हतं, आणि त्या हसण्याच्या भरात परवानगी मिळून गेली होती. फहमिदाला मात्र अमेरिकेत, ओहायोतल्या एका गावी पाहिलेली पालकसभा विसरता येत नव्हती. नीटनेटक्या टोप्या घातलेल्या आया उठून उठून ओरडत होत्या. मुलग्यांना मैदानावर पिटाळून मुलींना तासभर पाळी-गर्भाबद्दलचा चित्रपट दाखवणारी शिक्षिका पहिल्या रांगेत रुमाल पिळत बसली होती. "माझ्या आईच्या वेळी रोगाची भीती घालून शिकवायचे," ती नंतर म्हणाली होती, "माझ्या वेळी लग्नाची तयारी म्हणून. आता नुसतं खरं सांगू म्हटलं, तर गाव पेटलं." सुटीनंतर ती त्या शाळेत दिसली नाही.

फहमिदानं तक्ता टांगला. पाळी का येते, गर्भ कुठं वाढतो, मूल कसं राहतं. पुस्तकी शब्द जड होते, मुली ते भराभरा उतरवू लागल्या.

"लिहू नका. नुसतं ऐका."

हळूहळू एकेक मान वर आली. कुणीतरी खुदकन हसलं आणि वर्ग जरा सैलावला.

"काही विचारायचंय? विचारा. इथं कुणी रागावणार नाही."

शेवटच्या बाकावरची सारजा उभी राहिली. पडेगावहून चालत येणारी ही मुलगी हजेरीपलीकडे कधी तोंड उघडत नसे.

"बाई, लगीन झाल्यावर बाईनं नगं म्हणलं तर चालतं का?"

फहमिदाची पट्टी तक्त्यावर तशीच टेकून राहिली. तक्त्यावर याचं उत्तर नव्हतं. ओहायोतल्या चित्रपटातही नव्हतं. तो तर पांढऱ्या झग्यातली नवरी चर्चच्या पायऱ्या उतरते तिथं संपला होता. बाहेर घंटा झाली.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

संध्याकाळी शहागंजच्या बाजारात तिनं मेथीचे पैसे दिले आणि जुडी गाडीवरच विसरून निघाली. भाजीवाल्यानं हाका मारून परत बोलावलं. घरी चहाचा कप पुढ्यात ठेवून ती बसून राहिली.

"क्या हुआ? चाय ठंडी हो री," शौकत म्हणाला.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. भला माणूस होता. कधी आवाज चढवला नाही, अमेरिकेला जायला आडकाठी केली नाही. पण 'आज नको' असं आपण कधी म्हटल्याचं तिला आठवेना. म्हणावंसं वाटलेले दिवस मात्र आठवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सारजा आली नाही. त्यानंतरही नाही. अक्षय तृतीयेला तिचं लग्न ठरलंय, मुली म्हणाल्या. तिनं वर्गात काय विचारलं ते घरी कळलंय. फहमिदा स्टाफरूमच्या दारापाशी घुटमळली. आपण तिच्या घरी गेलो आणि बोंबाबोंब झाली, तर नानासाहेब हा तास कायमचा बंद करतील. शाळा सुटल्यावर तिनं पडेगावसाठी टांगा केला.

सारजाची आई भागूबाई दारात ज्वारी पाखडत होती. ती उठली नाही.

"पोरीची मास्तरीण व्हय तुमी? भरल्या वर्गात असलं इच्यारती का कुणी? सोयऱ्याच्या कानावर गेलं तर?"

"तिची चूक नाही. मीच विचारा म्हणाले होते."

सूप खालीवर होत राहिलं. फहमिदा तिथंच जमिनीवर टेकली. कोंडा तिच्या साडीवर उडत होता. दाराआड सारजा भिंतीला चिकटून उभी होती.

"सारजे, आडावरून पाणी आण जा."

"घागर भरलीय की आई."

"मंग वत ती झाडाला, अन् परत भरून आण."

सारजानं फहमिदाकडे एकदा पाहिलं, घागर उचलली आणि गेली. ती वळणाआड होईपर्यंत भागूबाई सूप हलवीत राहिली. मग तिनं ते बाजूला ठेवलं, गल्लीत दोन्हीकडं नजर टाकली आणि बसल्या बसल्या पुढं सरकली. इतकी, की तिचा गुडघा फहमिदाच्या गुडघ्याला लागला.

"मंग?" तिचा आवाज अगदी खाली आला होता. "काय सांगितलं तुमी तिला?"

"अजून काहीच नाही."

भागूबाईनं डोईवरचा पदर पुढं ओढला.

"मंग आता सांगा," ती म्हणाली. "मला सांगा."