दोरीला टेकलेला ढीग

मी एक जुने यंत्र आहे. टाकलेले लोकरी कपडे फाडून त्यांची पुन्हा लोकर करणे हे माझे काम. कारखान्यात मला सगळे 'फाड्या' म्हणतात. नाव काही गोड नाही, पण कामाला धरून आहे. मित्रांनो, आज मी तुम्हाला माझी हकीकत सांगणार आहे. मधेमधे थांबलो तर रागावू नका. हल्ली मला दम लागतो.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, ते निवले, आणि माझे अंग तयार झाले. मग एका लोहाराने माझ्या पोटातल्या मोठ्या रुळावर पोलादी दात बसवले. प्रत्येक दात तो आधी हातोडीने वाजवून ऐकत असे. जो बद्द वाजे, तो बाजूला टाकी. त्यामुळे माझे दात इतकी वर्षे टिकले.

माझे काम समजायला सोपे आहे. कपडा सरकत्या पट्ट्यावरून माझ्या तोंडाशी येतो. दोन लहान रूळ त्याला घट्ट धरतात आणि दातेरी रूळ त्याचा धागा न् धागा सुटा करतो. मागच्या पेटीत पडते ती लोकर. ती विंचरून तिचे सूत काढतात, आणि सुताची कांबळी विणतात. ती दवाखान्यांत जातात, वसतिगृहांत जातात. कुणाचा तरी जुना कोट कुणाचे तरी पांघरूण होतो.

पूर्वी माझ्याकडे जे कोट येत, ते आपली सगळी नोकरी पुरी करून येत. थोरल्याचा मधल्याला झालेला, मधल्याचा धाकट्याला. कोपराला ठिगळ, ठिगळाला ठिगळ. बटणे तर घरच्या बाईने आधीच कापून डब्यात ठेवलेली. असा कोट फाडताना मला जोर लावावा लागे. पण धागा लांब निघे आणि सूत तुटत नसे. थोरले मालक पाहुण्यांना घेऊन येत, पेटीतली चिमूटभर लोकर त्यांच्या तळहातावर ठेवत आणि विचारत, "ओळखा पाहू, ही काल काय होती?" पाहुणे थक्क होत. मी आतल्या आत फुगत असे.

मग कपडे बदलले. की माणसे बदलली, कोण जाणे. मी एका जागी उभा, मला काय दिसणार? आता ज्यांची घडीसुद्धा मोडलेली नाही असे कपडे येतात. गळ्याला किमतीची चिठ्ठी तशीच लटकत असते. लोकरीचे म्हणून जे येते, त्यात निम्मे धागे प्लॅस्टिकचे. माझा रूळ तापला की ते वितळतात आणि दातांना चिकटून बसतात. आमचे मिस्त्री रोज चाकूने माझे दात खरवडतात आणि पुटपुटतात, "हे कापड नाही रे बाबा, हा डिंक आहे डिंक." जो काही धागा निघतो, तो बोटाच्या पेराएवढासुद्धा नसतो. त्याचे सूत कसे व्हावे?

धाकट्या मालकांनी दारावर झकास पाटी रंगवून घेतली आहे, 'टाकाऊतून टिकाऊ'. पाटीबद्दल माझी तक्रार नाही. पण टिकाऊ व्हायला टाकाऊच्या अंगातही थोडा दम असावा लागतो, हे पाटीला कोण सांगणार?

मित्रांनो, आमच्या शेडमध्ये एक नियम आहे. काम करताना उकडले आणि कुणी अंगावरचा कपडा काढला, तर तो खाली ठेवायचा नाही. त्यासाठी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी बांधलेली आहे. दोरीवरचे ते माणसांचे, दोरीखालचे ते माझे. इतकी वर्षे त्यात कधी चूक झाली नव्हती.

दोरीजवळ बायका ओळीने बसून कपड्यांची बटणे, चेन आणि हूक काढतात. त्यांच्यात सगळ्यांत जुनी ती मावशी. गेल्या थंडीत तिची नवी सून तिच्या शेजारी येऊन बसू लागली. सुनेच्या अंगात कायम एक करडा स्वेटर असे, तिच्या मापाहून कितीतरी मोठा. तो तिच्या वडिलांचा. वडील रंगारी होते. ते गेल्यावर घरातले सामान भावंडांत वाटले गेले आणि हिच्या वाट्याला स्वेटर आला. वडिलांचे म्हणून तिच्याकडे तेवढेच होते. गळ्यापाशी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका होता. तो तिने कधी खरवडला नाही.

"हा स्वेटर आहे की पिठाची चाळणी?" सासू रोज विचारायची.

"चाळणीच आहे, आई. थंडी गाळून आत घेते."

"ऐका! थंडीने सगळं गारठतं, हिची जीभ तेवढी गारठत नाही. अगं, नवा घे एखादा. लोक म्हणतील, सासूने सुनेला उघडं ठेवलंय."

"घेईन की. हा फाटला की घेईन."

"मग आणखी किती फाटायचा राहिलाय तो?"

बाकीच्या बायका हसत. सून बटण कापत राही आणि दुपारच्या सुट्टीत गुपचूप स्वेटरचे कोपर रफू करी.

एके दिवशी तीन ट्रक एकदम आले. दुकानांत न खपलेला माल, घराघरांतून काढलेला माल, सगळा शेडमध्ये ओतला. ढीग चढत चढत दोरीला टेकला. धाकटे मालक दारातून ओरडले, "मिस्त्री, संध्याकाळपर्यंत मला खालची फरशी दिसली पाहिजे!"

दुपारी उकडू लागले. सुनेने स्वेटर काढून नियमाप्रमाणे दोरीवर टाकला. पण दोरीखाली आता मोकळी जागाच नव्हती. स्वेटर घसरून ढिगावर बसला. करडा होता, करड्यात मिसळला. मिस्त्रींनी घाईघाईने दोन्ही हातांनी कपड्यांचा भारा उचलला आणि पट्ट्यावर टाकला.

मावशी तेव्हा पाणी पिऊन माझ्या तोंडासमोरून परत चालली होती. पट्ट्यावर तिला तो पांढरा ठिपका दिसला.

"अहो, थांबवा! थांबवा त्याला! माझ्या सुनेचा आहे तो!"

मिस्त्रींनी झटकन खटका पाडला. पण माझा रूळ जड आहे. खटका पडला तरी मी लगेच थांबत नाही, थांबता थांबता दोन-चार घास घेतोच. स्वेटरची एक बाही माझ्या दातांत आली होती. आणि मावशीने काय करावे? 'कपडा गेला तर जाऊ दे, गेलेला हात परत येत नाही,' असे जी सगळ्यांना दटावत असे, तिनेच वाकून स्वेटर दोन्ही मुठींत धरला आणि पाय रोवून मागे ओढला. टरकन आवाज झाला. मावशी स्वेटरसकट मागे फरशीवर बसली. बाही माझ्या पोटात गेली.

"मावशी, बोटं!" मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आहेत. विश्वास नसेल तर मोजा."

सून धावत आली. तिने स्वेटर उलगडून पाहिला. मग ती माझ्या मागच्या बाजूला गेली आणि पेटीत हात घातला. लोकर अजून कोमट होती.

"यातली बाहीची कुठली, काका?"

मिस्त्री मान खाली घालून म्हणाले, "आता कसं सांगू, पोरी? सगळं एक झालं. नजर माझीच चुकली."

मूठभर करडी लोकर हातात घेऊन ती तिथेच बसून राहिली. मी तोवर पूर्ण थांबलो होतो. मित्रांनो, मला दात आहेत, डोळे नाहीत. एकदाही न घातलेला सदरा आणि बापाची आठवण, दोन्ही माझ्याकडे एकाच पट्ट्यावरून येतात. फरक माणसांनी करायचा असतो. पण ढीग एवढा झाला, की माणसांनाही तो करता येईना.

त्या दिवशी सासूने टोमणा मारला नाही. तिने स्वेटर आपल्या पिशवीत घातला. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली. तिने उरलेली बाही खांद्यापर्यंत उसवली, लोकरीचा गुंडा केला, त्याचे दोन सारखे भाग केले आणि सुया काढल्या. कुणी जवळ गेले की खेकसे, "तमाशा आहे का इथे? आपापली बटणं बघा."

काही दिवसांनी तिने स्वेटर सुनेच्या मांडीवर टाकला. एका बाहीच्या दोन अर्ध्या बाह्या झाल्या होत्या, कोपरापर्यंत येणाऱ्या.

"तुझ्या बापाचे हात लांब, म्हणून भागलं," सासू म्हणाली.

सून बाह्यांवरून हात फिरवत राहिली. "आई, तुम्हाला विणता येतं हे कधी बोलला नाहीत?"

"तू कधी बाही हरवली नव्हतीस. घाल आता. आणि कोपराखाली गार लागलं तर माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

सुनेने स्वेटर घातला आणि सासूच्या खांद्यावर डोके टेकले. मावशी म्हणाली, "पुरे, बटणं पडलीत ढीगभर." पण तिने खांदा हलवला नाही.

मिस्त्रींनी दोरी हातभर वर बांधली आहे. ढीगही वर चढतो आहे. छत मात्र आहे तिथेच आहे.

मित्रांनो, माझे दात आता बोथट झाले. फाडायचा मला कंटाळा आला आहे, असे एका फाडणाऱ्या यंत्राने म्हणावे हे विचित्र दिसेल, पण खरे आहे. म्हणून तुमच्याकडे एक मागणे. एक बटण तुटले म्हणून, किंवा गेल्या वर्षीचा रंग यंदा चालत नाही म्हणून, कपडा माझ्याकडे पाठवू नका. घेतानाच दोनदा विचार करा. घेतलात तर वापरा. फाटला तर शिवा. आखूड झाला तर धाकट्याला द्या, नाहीतर शेजाऱ्याच्या मुलाला द्या. उसवून पुन्हा विणता आला तर विणा. यातले काहीच उरले नाही, की मग तो माझ्या पट्ट्यावर ठेवा. त्याची लोकर मी नक्की करीन.

सगळ्यांत शेवटी पाठवा. मी इथेच आहे. मला घाई नाही.