दोन फूट खोटी जमीन

मी एक जुनी मोजकाठी आहे. मित्रांनो, जे घडलं त्याला आता बरेच दिवस झाले, तरी ती सकाळ आठवली की माझ्या अंगावर काटा येतो. काठीच्या अंगावर कसला काटा, असं म्हणून हसू नका. तुम्ही तिथे असता तर तुमचीही बोबडी वळली असती.

एका म्हाताऱ्या सुताराने मला सागवानातून घडवलं. चार फूट उंची, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या चारही बाजू, आणि तळापासून बरोबर तीन फुटांवर एक लाल पट्टा. नगरपालिकेच्या वीज तपासनिसांनी मला एक डोळा मिटून न्याहाळलं, "सरळ आहे" एवढंच म्हणाले आणि काखोटीला मारलं. पुढची बावीस वर्षं मी तिथेच होते.

नव्या वसाहतीत खांब आणि लोंबत्या तारा नकोत, वीज जमिनीखालूनच न्यायची, असा पालिकेचा नियम होता. आधी चर खणायचा, तळाशी वाळू अंथरायची, तिच्यावर केबल टाकायची. मग माझी पाळी. मला केबलवर उभं करायचं आणि चराच्या दोन्ही काठांवर आडवी दोरी ताणायची. दोरी लाल पट्ट्याला टेकली की खोली पुरी. त्यानंतर पुन्हा वाळू, वर विटांची रांग, मग माती, मातीत 'खाली वीज आहे' असं छापलेली लाल फीत आणि शेवटी उरलेली माती. तपासणीआधीच कोणी माती लोटली तर साहेब सगळा चर पुन्हा उकरायला लावत. ठेकेदार त्यांच्या नावाने बोटं मोडत आणि मला त्यांची दुसरी बायको म्हणत. हे घरी कळलं तेव्हा साहेबांची बायको म्हणाली, "मग उद्यापासून डबाही तिच्याकडूनच घ्या!"

मला मात्र माझा फार अभिमान होता. मी कधी खोटं बोलले नव्हते. जिथे हे घडलं त्या वसाहतीतही नाही बोलले, तरी घात झालाच, आणि हेच मला अजून समजत नाही.

नियमाच्या पुस्तकात एक ओळ होती. खोली मोजायची ती रस्ता आणि पदपथ पूर्ण झाल्यावर जमीन जिथे राहील, त्या पातळीपासून. त्यासाठी ठेकेदाराने आधी खुंट्या ठोकून ती पातळी दाखवायची. त्या वसाहतीत आम्ही मोजायला गेलो, त्या दिवशी खुंट्या नव्हत्या.

"साहेब, उद्या ठोकतो. वाळूचा ट्रक कधीचा थांबलाय," ठेकेदार म्हणाला.

साहेबांनी जमिनीवर टाच आपटून पाहिली. दगडासारखी घट्ट होती. त्यांनी मला चरात उभं केलं, दोरी लाल पट्ट्याला टेकली आणि साहेबांनी सही केली.

मित्रांनो, ती जमीन नव्हतीच! घरांचे पाये खणताना निघालेली माती तिथे पसरली होती. महिनोन्महिने ट्रक जाऊन ती दबली होती, एवढंच. आम्ही गेल्यावर चर बुजवला गेला, मग यंत्र आलं आणि ती दोन फूट माती खरवडून घेऊन गेलं. लाल फीतही तिच्याबरोबर उखडली. कोणीतरी ती गुंडाळून कचऱ्यात टाकली. पुढे वसाहतीतल्या पोरींनी तिची दोरी केली आणि 'खाली वीज आहे' हातात धरून त्या उड्या मारू लागल्या. हे ऐकलं तेव्हा मी सुन्न झाले.

वर्षभराने एका रविवारी गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या फाटकाशी एकेक झाड लावायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या एक ताई राहत. त्या सगळ्यांच्या आधी उठून खणायला लागल्या. वीतभर खाली विटा लागल्या. बांधकामातल्या उरल्या असतील, असं समजून त्यांनी त्या काढून बाजूला रचल्या आणि पहार मारली.

आम्ही पोहोचलो तेव्हा ताईंना दवाखान्यात नेलं होतं. खड्ड्याशी त्यांची एक चप्पल पडली होती आणि पहारीचं टोक वितळलं होतं.

"त्यांच्याच घराच्या वायरिंगमध्ये दोष असणार," ठेकेदार सगळ्यांना सांगत होता. लोकांनाही ते पटलं होतं. चार घरं पलीकडे एक काका कुदळ उगारून उभे होते.

साहेबांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. विटांची रांग वीतभरच खाली! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. असं ओरडताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"कुदळ टाका! काका, टाका ती खाली! कोणी खणायचं नाही!"

काकांच्या हातातून कुदळ गळून पडली. साहेबांनी फोन करून सगळ्या गल्लीची वीज बंद करवली. ती बंद झाल्याची खात्री करून त्यांनी मला केबलवर उभं केलं. लाल पट्टा दोन फूट वर, उघड्यावर राहिला.

"कागदावर तर तीन फूट आहे," ठेकेदार हळूच म्हणाला. "सही तुमचीच आहे, साहेब."

"माझीच आहे," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "खुंट्या नाहीत हे मला दिसत होतं. थांबायचा कंटाळा केला मी. चूक माझी आहे."

त्यांनी तेच लिहूनही दिलं. चौकशी लागली, गल्लीतला सगळा चर पुन्हा खणला गेला.

केबल खोल गेली त्या दिवशी ताई आल्या. डावा हात बरा झाला होता. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, आता वळणारही नव्हती. या वेळी खुंट्या ठोकलेल्या होत्या. साहेब मला चरात सोडणार, एवढ्यात ताई म्हणाल्या, "थांबा. ही जमीन आता इथेच राहणार ना?"

"ताई, यातलं तुम्हाला काय कळतंय?" ठेकेदार पुटपुटला.

साहेबांनी मला बाजूला ठेवलं. ताईंना प्रत्येक खुंटीपाशी नेलं, नकाशा उलगडून पातळी दाखवली. ताईंनी शेवटच्या खुंटीपर्यंत सगळं बघितलं. मग म्हणाल्या, "हं. आता मोजा."

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला मोजता येतं, विचारता येत नाही. तुमच्या दारात कोणी चर खणत असेल, तर जाऊन विचारा. कोणी हसलं तर हसू द्या, पण उत्तर मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.